इतर सर्वांना मनाई

एका रेघेला निळा रंग द्यायचा की लाल, यावरून शिकलीसवरलेली माणसं किती दिवस भांडू शकतात? आम्ही पावसाळ्याआधी सुरुवात केली आणि दिवाळीचा फराळ संपला तरी भांडत होतो. त्या भांडणात मी सगळ्यांत पुढे होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यातून मी स्वतःला वगळलंय असं कोणाला वाटायला नको.

आम्ही नकाशावाले. इंटरनेटवर एक नकाशा आहे, तो कुठल्या कंपनीचा नाही. जगभरची हौशी माणसं तो फुकट भरतात. आपल्या गल्लीतली पिठाची गिरणी, नाक्यावरचा पाणवठा, पुलाखालची पायवाट, जे दिसेल ते टाकायचं. रेघ ओढायची आणि त्या रेघेला चिठ्ठ्या लावायच्या. रस्ता कसला, रुंदी किती, कोणी जायचं, कोणी नाही. या चिठ्ठ्यांना टॅग म्हणतात. मी अठ्ठावीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. मशीनच्या पार्टांची ड्रॉइंगं काढण्यात डोळे घालवले. रिटायर झाल्यावर हात शिवशिवायचे, म्हणून या नादाला लागले. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे आम्ही अकरा जण, महिन्यातून एका रविवारी डोंबिवलीत एकाच्या घरी जमायचो, इडल्या खायचो आणि रेघांवरून वाद घालायचो.

ज्या रेघेवरून हे सगळं झालं ती माझ्या घरापासून, म्हणजे कळव्यापासून, फार लांब नाही. खाडीकाठी एक जुनं गाव आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही. गावाची माणसं पूर्वी शेती करायची आणि मिठागरात राबायची. आता मिठागर बंद आहे, शेतांवर इमारती आहेत आणि गाववाल्यांकडे गाड्या आहेत. मिठागराचा जुना बांध मात्र राहिला होता. गावातून निघून खाडीच्या कडेकडेने तो थेट दुसऱ्या टोकाच्या स्मशानाला जातो. त्या बांधावर कोणाच्या तरी मनात आलं आणि सिमेंटचे ब्लॉक बसले, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे आले, दिवे आले. सुरुवातीला एक पाटी लागली. तिच्यावर अक्षर एकही नाही, एक चालणारा माणूस आणि एक सायकल, एवढंच चित्र.

आता ही वाट पायी चालणाऱ्यांची, आणि सायकलला मुभा? की सायकलींची, आणि चालणाऱ्यांना मुभा? की दोघांची सारखी? तुम्हाला हसू येईल, पण आमच्याकडे यावर माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. सायकलींची म्हटलं की नकाशात निळी तुटक रेघ उमटते, चालणाऱ्यांची म्हटलं की लाल ठिपके. आमच्यात डोंबिवलीचे एक गृहस्थ होते, आयटीतले मॅनेजर, पहाटे हेल्मेट घालून चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल हाणणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी रेघ निळी केली. मी दुपारी ती लाल केली. त्यांनी संध्याकाळी पुन्हा निळी. मग कल्याणचे प्राध्यापक मध्ये पडले. विठ्ठलवाडीजवळ राहतात, फिजिक्स शिकवायचे, आणि नकाशाचे नियम त्यांना व्यंकटेश स्तोत्रासारखे पाठ. ते म्हणाले, "रंग बघून टॅग लावायचा नसतो. जागेवर काय आहे ते बघा. मापं घ्या."

तर मी मापं घ्यायला गेले. टेप, वही, पेन्सिल. सवय जात नाही. मी टेप लावते तोच एक म्हातारे गृहस्थ आले आणि न सांगता टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. अंगात पांढरी बंडी, डोक्याला टोपी, पायांच्या टाचा मिठाने कायमच्या चिरलेल्या. लहानपणापासून या बांधावर मीठ ओढलेला माणूस. आता मुलाने चार मजली घर बांधलं होतं, पण ते रोज इथेच यायचे. मला कुठे बांध खचतो, कुठे उधाणाचं पाणी चढतं, सगळं दाखवत गेले. मध्यावर एक चपटा दगड होता, ब्लॉक बसवताना कामगारांनी तो तेवढा सोडला होता. तिथे ते थांबले.

"बाय, यो विसावा," ते म्हणाले. "आमची समदी मयता याच वाटेनं जातान. हितं खाली ठेवाची, खांदं बदलाचं, मंग फुरं. माजे बापाला मीच नेलं, बायकोला पन हितूनच. आता मना नेवाचा बाकी हाय."

आणि हसले. मी म्हटलं, "हो का?" आणि टेप वाचला. दोन मीटर चाळीस. वहीत लिहिलं, दोन पूर्णांक चार.

त्या "हो का"चा मला आज एवढा राग येतो की काय सांगू. माणूस आपल्या मरणाची वाट दाखवतोय आणि मी सेंटिमीटर मोजतेय. पण त्या वेळी माझ्या डोक्यात डोंबिवलीचा सायकलवाला होता. त्याला कसं गप्प करायचं, एवढंच.

पुढचे दोन-तीन महिने आमच्या ग्रुपवर नुसता शिमगा होता. सायकलवाले म्हणायचे, ब्लॉक बसवलेत, दिवे आहेत, म्हणजे हा सायकल ट्रॅकच, चालणाऱ्यांनी कडेने जावं. मी विचारलं, "कडेने म्हणजे खाडीतून का?" ते म्हणाले, "मॅडम, जगभर असंच असतं." मी म्हटलं, जगाचं मला सांगू नका, सकाळी सहा वाजता मासळी घेऊन बायका येतात त्या कुठे जातील ते सांगा. प्राध्यापक प्रत्येकाला कुठलं तरी कलम दाखवायचे. एकाने तर दोन दिवस बांधावर बसून चालणारे किती आणि सायकली किती याच्या रेघोट्या मारल्या. मासळीवाल्या बायका, शाळेची पोरं, पाववाला, फिरायला येणारे आजोबा, सगळे त्याने मोजले. त्या दोन दिवसांत गावात कोणी मेलं नाही, म्हणून ते त्याच्या मोजणीत आलं नाही.

शेवटी तोडगा मी काढला. माझाच तो. मी लिहिलं, भांडण कशाला, वाट दोघांचीही खास. आधी सरसकट लावू या, सर्वांना मनाई. मग त्यातून दोन सवलती, पायी चालणारे खास, सायकल खास. म्हणजे मोटरसायकली आपोआप बाहेर, आणि आपल्या दोघांपैकी कोणी वर नाही, कोणी खाली नाही. सायकलवाल्यांनी अंगठा दिला. प्राध्यापकांनी लिहिलं, "तर्कशुद्ध." मला त्या शब्दाचा केवढा आनंद झाला होता! त्या रविवारी इडलीबरोबर शिराही झाला.

खरं तर मोटरसायकलींचा ताप होताच. पोरं हायवेचा वळसा टाळायला बांधावरून गाड्या काढायची, मासळीवालीच्या टोपलीला धक्का मारून जायची. तक्रारी झाल्या. तेव्हा वॉर्ड ऑफिसातला एक इंजिनिअर आमच्यातल्या कोणाच्या तरी ओळखीचा निघाला. त्याच्याकडे बांधाचा धड नकाशा नव्हता, आमच्याकडे होता, रुंदीसकट. आम्ही हरखून दिला. सरकारी ऑफिसात आपला नकाशा वापरला जातो, यापरतं हौशी माणसाला काय हवं? त्याने फोनवर मला विचारलंसुद्धा, "मॅडम, सायकल निघेल पण बाइक निघणार नाही, असं काय करता येईल?" मी कागद घेतला आणि दहा मिनिटांत स्केच काढून पाठवलं. डोक्याच्याही वर जाणाऱ्या दोन लोखंडी चौकटी. एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे, मध्ये चार फूट. माणूस वळून जातो, सायकल जरा तिरकी करून निघते, मोटरसायकल अडकते. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव, चूक निघणं शक्य नाही.

महिनाभरात चौकटी बसल्या, गावाच्या टोकाला. बाजूला नवीन पाटी. त्यावर लिहिलं होतं: पादचारी व सायकल, इतर सर्वांना मनाई. माझाच टॅग, रंगवून.

चार दिवसांनी म्हातारे माझ्या दारात उभे. पत्ता त्यांनी माझ्या नेहमीच्या मासळीवालीकडून काढला होता, ती त्यांच्याच गावची. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले, बसलेही नाहीत.

"बाय, तू त मापं घेतलीस," ते म्हणाले. "मंग ये चौकटीतशी मयत कसा जावाचा, सांग. उभा करून नेवाचा काय?"

साडेसहा फुटांची तिरडी, चार जण खांद्यावर, मध्ये चार फूट वळण. ड्रॉइंग न काढताही मला कळलं. वरून न्यावी तर चौकट डोक्याच्या वर, बाजूने न्यावी तर कठडे आणि पलीकडे चिखल. तिरडी उभी केल्याशिवाय ती तिथून निघणार नव्हती. मेलेल्या माणसाला उभं करून, कपाटासारखं फिरवून न्यायचं. ते म्हणाले, "मना नाय चालनार, बाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मी त्याच दिवशी ग्रुपवर सगळं लिहिलं. आणि तिथून पुढे जे झालं त्याने माझं रक्त आजही तापतं. प्राध्यापकांचं उत्तर आलं, "प्रेतयात्रा म्हणजे पायी चालणारेच ना? चालणाऱ्यांना परवानगी आहेच." मी म्हटलं, "आणि जो चालत नाही तो?" त्यांनी लिहिलं, "तो वापरकर्ता नाही." मी फोन पलंगावर फेकला. पुन्हा उचलला तर सायकलवाल्यांचा मेसेज, "चौकट नकाशात नाहीये, टाकायला हवी." आणि तासाभरात टाकलीही. रुंदी, उंची, लोखंडाची, तिरकी. कोणी फोटो जोडला. नऊ अंगठे आले. माणूस विचारतोय मला कसं नेणार, आणि हे चौकटीचं बारसं करतायत!

मी जाऊन "सर्वांना मनाई" काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी ते परत लावलं. कारण काय? "जागेवरची पाटी तसंच सांगते." अहो, पाटीने ते आमच्या नकाशातून उचललं! माझ्या हातचं उचललं! आधी नकाशा खरा म्हणून पाटी, आणि आता पाटी खरी म्हणून नकाशा. मी विचारलं, आपल्या गावात जी वहिवाट असते, बापजाद्यांपासून चालत आलेली, तिचं काय? ते म्हणाले, "वहिवाट पडताळता येत नाही. असं वर्षातून कितीदा होतं?" मी म्हटलं, "माणसागणिक एकदा." मग कोणी तरी भिवंडी बायपासच्या नव्या पुलाचा विषय काढला आणि सगळे तिकडे धावले.

वॉर्ड ऑफिसात चार चकरा मारल्या. इंजिनिअर मुलगा सभ्य होता, खुर्ची द्यायचा. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "मॅडम, बघा ना, तुमच्याच नकाशात आहे. वापर काय? पायी आणि सायकल. तिसरं काही लिहिलेलंच नाही. तुम्ही स्वतः मोजलंय." मी म्हटलं, चुकलं माझं, चौकट काढा. तो म्हणाला, "काढायची म्हणजे नवीन प्रस्ताव लागेल, आणि बाइकवाल्यांचं काय?" ते बाइकवाले एव्हाना गावाच्या मागच्या चिखलातून, कठड्याचा खालचा बार वाकवून, गाडी आडवी सरकवून बांधावर चढायला लागले होते. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी त्यालाही ते सांगितलं. तो म्हणाला, अर्ज द्या. मी अर्ज दिला. पोच आहे माझ्याकडे.

म्हातारे मध्ये दोनदा भेटले. बांधावर नाही, घरी, खाटेवर. श्वास लागायचा. मुलगा पंचेचाळिशीचा, रेती-सिमेंटचा धंदा, घाईतला पण बापाला जपणारा. म्हाताऱ्यांनी माझ्यासमोर त्याला सांगितलं, "मना बांधावरशी न्या. गारीन नको." गाडीत नको. तो म्हणाला, "हो बाबा, नेऊ ना." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मी त्या घरातून निघताना ठरवलं होतं की आता आयुक्तांना भेटायचं, पेपरात लिहायचं, काहीही. मग आठवडा गेला, माझ्या जावेचं ऑपरेशन निघालं, आणखी एक आठवडा गेला. असंच होतं माणसांचं, आणि मी काही वेगळी नाही.

सकाळी नऊला मासळीवालीचा फोन आला, म्हातारे गेले. मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. पुरुषमंडळी बाजूला गोळा होऊन हळू आवाजात बोलत होती. एक जण म्हणत होता, गॅस कटर आणा, पाच मिनिटांत काम. मुलगा म्हणाला, "अरे सरकारी आहे ते. केस झाली तर? आपल्या दोन फाइली तिथंच अडकल्यात." दुसरा म्हणाला, चौकटीपाशी जरा तिरपी करून बघू. तेव्हा मुलाचा चेहरा बदलला. "बाबांना उभं करू? लोकांसमोर?" त्याने खिशातून फोन काढला. थोड्या वेळाने शववाहिका आली. एवढ्या जणांनी खांदा द्यायला बाह्या सावरल्या होत्या, त्यांनी अंगणातून रस्त्यापर्यंत दहा पावलं खांदा दिला आणि गाडीत ठेवलं. बाकीचे आपापल्या गाड्यांत बसले.

मला कोणी गाडीत बोलावलं होतं, मला बसवेना. मी चालत निघाले. बांधावरून. चौकटीतून मी सहज वळले, कुठे साधा पदर अडकला नाही. माझंच डिझाइन होतं, अडकणार कसं? विसाव्याच्या दगडापाशी एक सायकलवाला थांबून पाणी पीत होता. मी स्मशानाच्या फाटकापाशी आले तर तिथे कोणीच नाही. लाकडं रचलेली होती, स्मशानातला माणूस बिडी ओढत बसला होता. गावच्या बायका आत जात नाहीत, मीही बाहेरच्या कट्ट्यावर बसले. पाऊण तास बसले. ज्याचं मरण त्याच्याआधी मी येऊन बसले होते, आणि मला शरमेने उठून जावंसं वाटत होतं.

मग हायवेकडून शववाहिका आली, मागे गाड्या. मुलगा पुढच्या सीटवरून उतरला. घामाने भिजला होता, पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकले होते म्हणाला. मग त्याचं माझ्याकडे नीट लक्ष गेलं.

"काकी, तुम्ही आधीच आलात? कशा आलात?"

"चालत. बांधावरून."

"किती वेळ लागला?"

खोटं बोलता आलं असतं. मला सुचलं नाही.

"बारा मिनिटं," मी म्हटलं.

सकाळपासून तो सगळ्यांना सांभाळत होता, फोन घेत होता, गाड्या मोजत होता. आता तो माझ्या शेजारी कट्ट्यावर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि तो हात मी मध्येच मागे घेतला.